अमेरिकेत मतदार नोंदणी करताय? पक्षाच्या रकान्यातल्या या चुका टाळा

सिटिझनशिपची शपथ झाली की आपली बरीच मंडळी लगेच मतदार नोंदणीचा फॉर्म भरतात. नाव, पत्ता, जन्मतारीख इथवर सगळं सवयीचं. मग पक्षाचा रकाना येतो आणि हात थांबतो. भारतात मतदार यादीत नाव घालताना पक्ष कुणी विचारत नाही. म्हणून कुणी तो रकाना कोरा सोडतं, कुणी घाईत काहीतरी टिक करतं.

एक गोष्ट आधीच सांगते. ग्रीन कार्ड किंवा एचवन व्हिसावर असाल तर हा फॉर्म भरूच नका, डीएमव्हीच्या (ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयाच्या) खिडकीवर कुणी पुढे केला तरीही. चुकून झालेली नोंदणीसुद्धा पुढे सिटिझनशिपच्या अर्जात आडवी येऊ शकते.

पक्ष नोंदवला की त्यालाच मत द्यावं लागतं, हा समज

साफ चुकीचा. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत कुणालाही मत द्या, ते गुप्तच राहतं. वर्गणी नाही की पक्षाची शिस्त नाही. नोंदवलेला पक्ष मात्र सहसा मतदार यादीत दिसतो आणि प्रचाराचे फोन त्यावरूनच येतात, एवढी तयारी ठेवा.

प्रायमरी सोडून देणं

प्रायमरी म्हणजे नोव्हेंबरआधी पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक; काही राज्यांत तिथे मत द्यायला पक्ष नोंदवलेला लागतो. ती सोडणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून गेले. त्यांची खरी लढत ऑगस्ट २०२२ मधली डेमोक्रॅटिक प्रायमरी होती. अनेक उमेदवारांत मतं विभागली आणि सुमारे २८ टक्क्यांवर ते जिंकले. डेट्रॉइटच्या त्या मतदारसंघात नोव्हेंबरचा निकाल मग जवळजवळ ठरलेलाच होता. देशात असे एकतर्फी मतदारसंघ पुष्कळ आहेत, कुठे डेमोक्रॅटिक, कुठे रिपब्लिकन. तिथे प्रायमरी चुकली की निवड दुसऱ्यांनी केलेली असते आणि आपण नोव्हेंबरमध्ये त्यावर शिक्का मारतो.

म्हणून पक्ष निवडताना दोन प्रश्न विचारा. माझी मतं कुठे जुळतात? आणि माझ्या गावात निर्णय कुठल्या प्रायमरीत होतो? पहिल्याचं उत्तर स्पष्ट असेल तर प्रश्न मिटला. दोन्ही पक्षांतलं थोडं थोडं पटत असेल, तर जिथे खरी चुरस आहे तो पक्ष नोंदवावा असं माझं मत आहे. त्यात गैर काही नाही.

दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला ऐकणं

नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सास, इलिनॉय, मिशिगनमध्ये नोंदणीच्या वेळी पक्ष विचारतच नाहीत. मिशिगनच्या प्रायमरीत एकाच पक्षाच्या स्तंभात खुणा करायच्या; दोन्हीकडे केल्या तर तो भाग बाद होतो. न्यू जर्सीत कुठलाच पक्ष नोंदवलेला नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडता येतो, पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर ५५ दिवस आधी कळवावं लागतं. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात पक्ष नोंदवलेला नसेल तर पक्षाच्या प्रायमरीत मतच नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मित्राचं ऐकून न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये रकाना कोरा सोडणाऱ्याचं नेमकं इथेच नुकसान होतं.

मुदत शेवटी बघणं

न्यूयॉर्कमध्ये जूनच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीला संपते. पूर्वी ती आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्येच संपायची. २०१६ मध्ये इव्हांका आणि एरिक ट्रम्प यांची ती हुकली आणि त्यांना वडिलांनाही प्रायमरीत मत देता आलं नाही.

‘इंडिपेंडंट’ शब्द बघून टिक करणं

कॅलिफोर्नियात अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी नावाचा उजव्या विचारांचा पक्ष आहे. १९६८ मध्ये वंशभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस त्याचे अध्यक्षपदाचे उमेदवार होते. आपण अपक्ष म्हणून नोंदवतोय या समजुतीने असंख्य लोक त्यात गेले. तिथे पक्ष नको असेल तर ‘नो पार्टी प्रेफरन्स’ निवडा. मात्र अध्यक्षपदाच्या प्रायमरीत तुम्हाला मतपत्रिका द्यायची की नाही हे प्रत्येक पक्ष ठरवतो, आणि पक्षाने परवानगी दिली असली तरी ती वेगळी मागून घ्यावी लागते.

घरातल्या एकानेच सगळ्यांचे रकाने भरणं

आपल्याकडे हे सर्रास होतं. पत्नीचा, वयात आलेल्या मुलाचा पक्ष त्यांना स्वतःला ठरवू द्या. सही त्यांची, निवडही त्यांची. एका घरात दोन पक्ष असले तर काही बिघडत नाही.

राज्य बदललं की नोंदणी नव्याने करा. घर बदललं की पत्ता कळवा आणि राज्याच्या निवडणूक संकेतस्थळावर आपल्या नावापुढे कुठला पक्ष लागलाय ते तपासा. हे प्रायमरीच्या दोन-तीन महिने आधी केलंत तर दुरुस्तीला वेळ उरतो.