मुलाचा रात्रीचा मोबाइल कसा सोडवावा

वायफाय बंद करा, हा सल्ला आधी डोक्यातून काढा. मुलं मोबाइल डेटावर जातात. रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायचे, आई-बाबांचेही. उठण्यासाठी गजराचं साधं घड्याळ आणा. क्लासच्या नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतील तर त्या संध्याकाळीच उतरवून घ्यायला सांगा.

खरी कसोटी पहिल्या दहा दिवसांची. नाशिकच्या सिडकोत नववी-दहावीच्या मुलांना शिकवताना अनेक पालकांना मी इथेच कोसळताना पाहिलंय. माझ्या मुलाच्या वेळी मीही चौथ्या रात्री हरले. त्यानं दार आपटलं, ताट सरकवलं. अकराच्या सुमारास ‘आजच्या दिवस घे’ म्हणत मी फोन हातात दिला. दुसऱ्या रात्री तो दुप्पट ओरडला. पुढचा रील चांगला निघेल की नाही हे ठाऊक नसतं, म्हणून तर अंगठा थांबत नाही; कधीतरी मिळणारं बक्षीसच सवय घट्ट करतं. तसंच, ओरडलं की कधीतरी फोन मिळतो, हे त्याला मीच शिकवलं होतं. साडेदहा झेपत नसेल तर साडेअकरा ठरवा, पण मग एकही रात्र सूट नको.

चालू गेम मात्र हिसकावू नका. ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही, आणि अर्ध्यातून उठलेला मुलगा मित्रांच्या शिव्या खातो. दहा वाजताच सांगा, ‘हा शेवटचा.’ तो चिडला असताना उपदेश तर अजिबात नको. जवळ बसा, गप्प राहा. माझा मुलगा सहाव्या रात्री आपणहून बोलायला लागला, तेव्हा कळलं की शाळेत त्याला कोणी सोबत घेत नव्हतं. गेममध्ये घेत होते.

म्हणून संध्याकाळ माणसांनी भरा. गोल्फ क्लब मैदानावर जा म्हणून पिटाळू नका, त्याच्या एखाद्या मित्रालाही बोलावून सोबत घेऊन जा.

झोप, अंघोळ, शाळा सुटत चालली असेल तर घरगुती उपाय ताणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. त्यावर उपचार होतात. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मुलाच्या तोंडी जीव देण्याची भाषा आली तर फोनचे सगळे नियम बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच क्षणी या क्रमांकावर फोन लावा.