मुलांच्या डायबेटिसचे रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

टाइप १ डायबेटिस असलेल्या मुलांच्या फाइली मी ठाण्यात रोज बघते. नौपाडा असो की घोडबंदर, चुका त्याच त्या.

सगळ्यात घातक चूक म्हणजे हिमोग्लोबिन न बघता एचबीए१सीवर, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या रक्ततपासणीवर, विश्वास टाकणं. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं हे माप, आणि ती पेशी जगते साधारण १२० दिवस. अंगात लोह कमी असेल तर शुगर न वाढताही आकडा फुगतो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा थॅलेसेमिया असेल तरीही तो फसवतो.

कळव्याची दहावीतली एक मुलगी. एचबीए१सी ८.६, म्हणजे सरासरी शुगर २००च्या घरात हवी. आईच्या वहीत मात्र सकाळची, जेवणाआधीची, जेवणानंतरची, झोपतानाची नोंद होती आणि सरासरी १६०च्या आसपास. एका दवाखान्यात वही न उघडताच ‘ही चोरून गोड खाते’ असा शिक्का मारला आणि रात्रीचं इन्सुलिन वाढवलं. पहाटे पोरगी घामानं चिंब, हात थरथरताहेत, शुगर ४८. आईनं साखरपाणी पाजून तिला सावरलं. त्या दोघी माझ्याकडे आल्या तेव्हा मी आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट, मागितला. हिमोग्लोबिन ८.१. पाळीत रक्त फार जायचं, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तेही अगदी कमी निघालं. डॉक्टरांनी इन्सुलिन पूर्ववत केलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि काही महिन्यांनी रिपोर्ट वहीशी जुळला. तिला खोटं ठरवलं गेलं, याची चीड मला अजून येते.

म्हणून शेजारी सीबीसी आणि वही असल्याशिवाय मी एचबीए१सीवर बोलत नाही. तरीही मेळ बसला नाही तर फ्रुक्टोसामीन तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची शुगर सांगते आणि हिमोग्लोबिनवर अवलंबून नसते.

दर महिन्याला एचबीए१सी करणारे उतावळे पालक पैसे घालवतात आणि मुलाला धाकात ठेवतात. तीन महिन्यांनी करा.

क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आलं की किडनी ठीक, असं धरू नका. ते उशिरा वाढतं. पहिली खूण बहुधा लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनात दिसते. तापात किंवा मॅच खेळून आल्यावर नमुना देऊ नका आणि तीनपैकी दोन नमुने वाढलेले आल्याशिवाय घाबरू नका. रिपोर्टवरचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, मोठ्यांच्या सूत्राचा असू शकतो. मुलांसाठी ०.४१३ गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले क्रिएटिनिन. उंची १४०, क्रिएटिनिन ०.६ असेल तर ९६.

कीटोअॅसिडोसिसमधून (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर त्रास) उठल्या उठल्या कोलेस्टेरॉल तपासू नका. शुगर आटोक्यात येऊ द्या.

आणि ‘फुल बॉडी’ पॅकेज घेतलं म्हणून डोळ्यांची तपासणी टाळणं मला अजिबात पटत नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, टाइप १ डायबेटिसवरच्या डीसीसीटी अभ्यासात १,४४१ जण होते. ज्यांना आधी डोळ्यांचा त्रास नव्हता, त्यांच्यात शुगर काटेकोर ठेवल्यानं रेटिनोपॅथीचा, म्हणजे डायबेटिसनं डोळ्याचा पडदा खराब होण्याचा, धोका ७६ टक्क्यांनी घटला. एचबीए१सी धोका सांगतो, पडदा दाखवत नाही. त्यासाठी बाहुली मोठी करून डोळा बघावाच लागतो. टाइप १मध्ये ही तपासणी वयात आल्यावर किंवा अकराव्या वर्षापासून, आजाराला काही वर्षं झाली की सुरू होते. टाइप २मध्ये निदान झालं की लगेच, कारण शुगर आधी किती काळ वाढलेली होती ते कुणालाच माहीत नसतं.