गुळवेलीची पानं गळाली का बघा, सत्व काढायचे दिवस आलेत

मंडळी, बांधावरच्या कडुलिंबावर गुळवेल चढलेली असेल तर या आठवड्यात एक चक्कर मारून या. पानं पिवळी पडून गळाली असतील आणि नुसत्या दोऱ्या लटकल्यासारखी कांडं दिसत असतील तर समजा काढणीची वेळ झाली. सत्व म्हणजे कांडं ठेचून पाण्यात भिजवली की तळाशी बसणारं पांढरं पीठ. जानेवारीपासून उन्हाळा चढेपर्यंत हे काम उरकायचं. पावसाळ्यात वेल कितीही हिरवीगार दिसू दे, तेव्हा कांड पाणचट असतं, पानं गळाल्यावरच सगळा कस कांडात उतरतो. मी पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये काढायला गेलो, तळाशी पांढरं जेमतेम बसलं आणि ढगाळ हवेत ते काय वाळेना, दोन दिवसात आंबूस वास सुटला आणि सगळं उकिरड्यावर टाकावं लागलं.

काढताना अंगठ्याएवढं जाड कांड घ्या, करंगळीएवढं कोवळं राहू द्या. आणि जमिनीपासून दीड-दोन फूट बुंधा सोडायचाच. हिला संस्कृतात छिन्नरुहा म्हणतात, म्हणजे तोडली तरी पुन्हा उगवणारी, पण बुंधाच उपटला तर फुटणार कुठून? 2020 साली कोरोनात लोकांनी आमच्या ओढ्याकाठच्या वेली मुळासकट ओरबाडून नेल्या, त्या जागी आजपर्यंत एक फुटवा दिसलेला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ओळख पक्की करा. आपल्या औषधी गुळवेलीचं शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. पान हृदयाच्या आकाराचं आणि गुळगुळीत, फळं वाटाण्याएवढी गोल, लालभडक, घोसात येतात. कांडाची साल नखानं खरवडली की कागदासारखा पापुद्रा निघतो आणि आत हिरवं दिसतं, आडवं कापलं तर बैलगाडीच्या चाकाला आरे असतात तशी नक्षी दिसते. हिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा आहे, तिच्या कांडावर चामखिळीसारख्या गाठी असतात, चीक दुधाळ निघतो आणि फळं लांबट नारंगी असतात, ती घ्यायची नाही. पानावर मऊ लव असलेली अजून एक जात रानात सापडते, तीही बाजूला ठेवा. शंका आली तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पानाफळासकट फांदी नेऊन दाखवा, सगळ्या पोत्यात एक चुकीची वेल मिसळली तर ती नंतर वेगळी काढता येत नाही.

सत्व काढायची रीत सोपी आहे पण कांडं ताजीच पाहिजेत, सुकलेल्या कांडात तसं उतरत नाही. आधी स्वच्छ धुवून वरचा पापुद्रा काढायचा, बोटभर तुकडे करायचे आणि खलबत्त्यात किंवा दगडावर ठेचायचे. ठेचा चौपट पाण्यात रात्रभर भिजवायचा. सकाळी हातानं खसाखसा चोळायचा, पाण्याला फेस येतो, हात इतके कडू होतात की दुपारच्या भाकरीलाही ती चव लागते. मग सुती कापडातून गाळून पातेलं चार-पाच तास अजिबात न हलवता ठेवायचं. वरचं पाणी अलगद ओतून घेतलं की तळाला भिजवलेल्या चुन्यासारखा पांढरा थर दिसतो, तेच सत्व. ते ताटात पसरून सावलीत, वाऱ्यावर खडखडीत वाळवायचं आणि काचेच्या बरणीत भरायचं. आमच्याकडं 10 किलो ओल्या कांडातून पाव किलोच्या आसपास निघतं, त्यामुळं बाजारात फार स्वस्त सत्व दिसलं तर सावध व्हा, त्यात अरारूट नाहीतर बटाट्याचा स्टार्च मिसळलेला असू शकतो. आयोडीन टाकून बघू असं कोणी म्हणेल, पण खरं सत्वसुद्धा मूळचं स्टार्चच असतं, निळं दोन्हीही होणार.

आणि ते वरचं पाणी कृपा करून फेकू नका! कडू द्रव्यं बरीचशी त्या पाण्यातच उतरलेली असतात. पांढरंशुभ्र दिसावं म्हणून लोक सत्व चार-चार वेळा धुतात, माझ्या मते तिथंच नुकसान होतं, एक-दोन धुण्यात थोडा मळकट रंग राहिला तरी चालेल. ते पाणी जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर आटवत न्यायचं, शेवटी काळपट चिकट घन उरतो, गुळवेल घनवटी म्हणजे गोळ्या करतात त्या याच्याच. शेवटच्या टप्प्यात सारखं ढवळत राहा, करपलं की गेलं.

वापराचं म्हणाल तर रेंगाळलेला ताप, अंगाची आग, पित्त यावर वैद्य सत्व देतात, तेही चिमूटभरच. घराघरात काढाही होतो. पण रोज महिनोन्महिने घेत बसायचं हे औषध नाही. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं मांडलं, त्यावर आयुष मंत्रालयानं वेल चुकीची ओळखली गेली असू शकते असं सांगितलं. वाद काही असो, आपण काळजी घ्यायची. ज्यांना लिव्हरचा त्रास आहे, आमवातासारखा ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो) आहे, शुगरच्या गोळ्या चालू आहेत किंवा घरात गरोदर बाई आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. डेंग्यूत तर आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर.

विकायचं असेल तर कांडाचे इंचभर तुकडे करून पूर्ण वाळवा, मोडताना कट्‌ असा आवाज आला पाहिजे. गेल्या साली माझी दोन पोती व्यापाऱ्यानं बुरशी म्हणून परत केली, पोतं जमिनीवर टेकवून ठेवलेलं, खालून ओल धरली, आता फळी घातल्याशिवाय ठेवत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या कातकरी पोरांनी वनधन या आदिवासींच्या वनउपजासाठीच्या सरकारी योजनेतून हीच गुळवेल गोळा करून, वाळवून मोठ्या औषध कंपन्यांना घातली, तेव्हा गिऱ्हाईक आहे, माल मात्र कोरडा आणि एकाच जातीचा पाहिजे.

काढणी करताना चांगली जोमदार वेल दिसली तर तिला खूण म्हणून चिंधी बांधून ठेवा, ती यंदा तोडू नका. मे अखेरीस तिचीच दोन डोळ्यांची, वीतभर लांबीची कलमं पिशवीत लावायची, महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. पाऊस बसला की बांधावर कडुलिंबाच्या किंवा शेवग्याच्या बुडाशी, दोन वेलींत तीन मीटर अंतर ठेवून लावून टाका.