डीटी-१ चा गिअरबॉक्स उघडताय? या चुका टाळा

यामाहाने १९६८ साली डीटी-१ ही मोटारसायकल बाजारात आणली आणि अमेरिकेत रानावनातून, वाळूतून गाडी हाणणाऱ्यांची जणू लाटच आली. २४६ सीसीचं टू-स्ट्रोक सिंगल सिलिंडर इंजिन, पाच गिअर, वजनाला हलकी. पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी इथे मिशिगनमध्ये कुणाच्या ना कुणाच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली एखादी सापडतेच. बहुतेकींची तक्रार एकच असते, 'गिअर सुटतो'. ऐकलं की लगेच पाने घेऊन इंजिन फोडायला बसावंसं वाटतं. पहिली चूक होते ती इथेच.

आधी नीट विचारा, गिअर सुटतो म्हणजे नक्की काय होतं? गिअर पडतच नसेल, लिव्हर दोनदा मारावा लागत असेल, तर दोष बहुधा केसच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या धातूच्या कवचाच्या, बाहेर असतो. इंजिन बंद करून गाडी पुढे-मागे ढकलत गिअर टाकून पाहा. तेव्हा सगळे सुरळीत पडले आणि इंजिन चालू असताना अडले, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. क्लचच्या स्टीलच्या प्लेटी काढून काचेवर ठेवा, वाकलेली प्लेट लगेच डुगडुगते.

तसं नसेल तर शिफ्ट आर्म बघा. क्लचचं कव्हर आणि बास्केट काढलं की मागे तो दिसतो. त्याच्या दोन नख्या शिफ्ट ड्रमच्या, म्हणजे गिअर निवडणाऱ्या दंडगोलाच्या, पिनांना पकडून ड्रम फिरवतात. दोन्हीकडचं अंतर सारखं हवं. कमी-जास्त असेल तर वरचे गिअर छान पडतात आणि खाली येताना अडतात, किंवा उलट. तिथे लॉकनट असलेला एक एक्सेंट्रिक (मध्य सरकलेला) स्क्रू असतो, तो किंचित फिरवून अंतर सारखं करायचं. पाच मिनिटांच्या या कामासाठी पूर्ण इंजिन खोललेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दरवेळी वाईट वाटतं.

गिअर नीट पडतो, पण चढावर थ्रॉटल दिला की सुटतो? मग मात्र केस उघडावीच लागते.

केस उघडताना पहिला घात होतो तो स्क्रूंचा. दिसायला फिलिप्स वाटतात, पण ते जपानी जेआयएस मापाचे असतात. साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, वर चढतो आणि चर खाऊन टाकतो. जेआयएस बिट आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. पुढचा घात स्क्रू-ड्रायव्हरचा. हे केस उभ्या सांध्यात, डावं आणि उजवं असं, उघडतात आणि सांध्यात कागदी पॅकिंग नसतं. धातूवर धातू, मध्ये फक्त सीलंट. तिथे पाचर घालून उचकटलंत की पडलेल्या खाचेतून तेल कायमचं झिरपणार. केस स्प्लिटर वापरा, दोन्ही बाजू समान सरकतायत का बघत राहा. आरएक्स-१०० चं इंजिन खोललेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

केस वेगळे झाल्या झाल्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. शाफ्टच्या टोकाची पातळ शिम (फट भरणारी चकती) तेलाने केसला चिकटून वर निघून येते आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. गिअर काढाल त्याच क्रमाने जाड तारेत ओवत जा. फोटोत वॉशरची जाडी दिसत नाही, तारेवर क्रम चुकत नाही.

आता मुख्य दोष. गिअरच्या अंगावर जे ठोकळे असतात, डॉग, त्यांचे कोपरे पाहा. नवा कोपरा नखाला टोचतो, झिजलेल्यावरून नख सरकून जातं. माझ्या पहिल्या डीटी-१ चा तिसरा गिअर सुटायचा. डॉग गोल झालेले दिसले, तेवढा एक गिअर ऑनलाइन मागवून बदलला आणि केस बंद केली. थोड्याच दिवसांत एका वाळूच्या चढावर पुन्हा तेच. पुन्हा उघडलं तेव्हा कळलं, गिअर सरकवणाऱ्या फोर्कची टोकं निळी पडली होती, एक बाजू झिजून पातळ झाली होती. असा फोर्क गिअरला पूर्ण आत ढकलत नाही, आणि अर्धवट अडकलेले डॉग नवे असले तरी झिजतात. म्हणून तो गिअर, ज्यात तो अडकतो तो जोडीदार आणि फोर्क, तिन्ही एकत्र बघा. जुने भाग विकत घेताना विक्रेत्याकडून दातांची संख्या मोजून घ्या.

सर्कलिप, म्हणजे शाफ्टच्या चरात बसून गिअर जागेवर धरणारी कडी, पुन्हा वापरू नका. पंच करून काढलेल्या सर्कलिपची एक कड गोल, एक धारदार असते. जोर ज्या बाजूने येतो तिकडे गोल कड, धारदार कड त्याच्या विरुद्ध बाजूला. उलटी बसली तर जोराखाली चरातून निसटू शकते.

इंजिन उघडंच आहे, तर क्रँकची दोन्ही ऑइल सील बदला. क्लचकडचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. पांढरा धूर येतो, तेल कमी होतं आणि बाहेर गळतीचा थेंब दिसत नाही. मॅग्नेटोकडचं (ठिणगीची वीज बनते त्या बाजूचं) गेलं तर हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

बंद करताना सीलंटचा पातळ थर पुरतो. केस शेवटी जवळ येत नसतील तर स्क्रू आवळून ओढू नका, आत काहीतरी अडलंय. उघडा आणि बघा. बसल्यावर शाफ्ट हाताने फिरायला हवेत. जड लागले तर टोकावर नायलॉनच्या हातोडीने हलकी टिचकी द्या. सिलिंडर चढवायच्या आधी हाताने शाफ्ट फिरवत ड्रम वळवा, पाचही गिअर आणि न्यूट्रल मिळतायत ना बघा.

तेल वेट (तेलात चालणाऱ्या) क्लचला चालणारं, डब्यावर 'जासो एमए' (JASO MA) हे मानक लिहिलेलं. कारचं 'एनर्जी कन्झर्व्हिंग' तेल टाकलं की क्लच घसरू शकतो. थोडं चालवून ते तेल एका पांढऱ्या ताटलीत काढा आणि त्यात चुंबक फिरवा. राखाडी लेप आला तर ठीक आहे. चिमटीत धरता येतील असे तुकडे आले, तर पुन्हा उघडा.