अनडू दाबलं आणि भलतंच झालं? ऑडॅसिटीत अनडूचा बग असा शोधायचा

तासाभराचं कीर्तन एडिटला घेतलंय, मधला खोकला कापला, पंख्याची घरघर जावी म्हणून नॉईज रिडक्शन मारलं, आवाज डब्यातून आल्यासारखा झाला म्हणून कंट्रोल झेड, म्हणजे शेवटचं काम मागं घेणारं अनडू, दाबलं, आणि बघताय तर नॉईज रिडक्शन तसंच राहिलंय आणि कापलेला खोकला मात्र परत जागेवर येऊन बसलाय. अशा वेळी बहुतेक जण घाबरून अजून चार वेळा कंट्रोल झेड दाबतात, मग कंट्रोल वाय (मागं घेतलेलं परत करणारं रिडू) दाबतात, आणि शेवटी वैतागून प्रोग्रामच बंद करून परत उघडतात. यातलं शेवटचं काम सगळ्यात घातक.

आपल्या कोल्हापुरात आता हे काम करणारी पोरं-पोरी पेठेपेठेत आहेत. गणपतीच्या आधी मंडळाच्या आगमनाची अनाउन्समेंट, २६ जूनला शाहू जयंतीचं निवेदन, पोवाडा, भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, कुणाच्या यूट्यूब चॅनलचा आवाज, सगळं घरच्या कॉम्प्युटरवर होतंय आणि बऱ्याच जणांकडं आवाज एडिट करायला ऑडॅसिटी हेच सॉफ्टवेअर असतंय कारण ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि २००० सालापासून चालत आलंय. म्हणून खाली मेन्यूची नावं ऑडॅसिटीची घेतलीत, तुमच्या व्हर्जनमध्ये एखादं नाव इकडं तिकडं असेल, पण शोधायची पद्धत दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला तशीच लागू पडते.

पहिलं काम: प्रोग्राम बंद करू नका

ऑडॅसिटीत अनडूची हिस्ट्री फक्त प्रोजेक्ट उघडा असेपर्यंत जिवंत असते. सेव्ह केलं तरी उघड्या प्रोजेक्टची हिस्ट्री राहते, पण विंडो बंद केली की ती गेली, परत उघडल्यावर फक्त शेवटची स्थिती मिळते. म्हणजे अनडूने घोळ घातलाय आणि त्या अवस्थेत तुम्ही सेव्ह करून बंद केलं तर चांगली स्थिती परत मिळवायचा रस्ताच संपला.

त्यापेक्षा हात थांबवा आणि व्ह्यू मेन्यूतून हिस्ट्री उघडा. तिथं तुम्ही केलेलं एकेक काम ओळीनं लिहिलेलं दिसतंय, कट, डिलीट, नॉईज रिडक्शन, जे काय असेल ते, आणि कुठल्याही ओळीवर क्लिक केलं की प्रोजेक्ट थेट त्या स्थितीला जातोय. एकेक ओळ मागं जात प्ले करून ऐका. जिथं आवाज बरोबर वाटतोय तिथं थांबा आणि लगेच फाइल मेन्यूतून ती स्थिती वेव्ह फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा, ३२ बिट फ्लोट फॉरमॅटमध्ये, म्हणजे आवाज जसाच्या तसा राहतोय. एक्स्पोर्ट करणं, ऐकणं, कॉपी करणं यानं हिस्ट्रीला धक्का लागत नाही. पण मागच्या ओळीवर असताना एक जरी नवीन एडिट केलं, अगदी एक छोटा तुकडा जरी डिलीट केला, तरी त्याच्या पुढच्या सगळ्या ओळी कायमच्या जातात आणि रिडू करायला काही उरत नाही. ट्रॅक जास्त असतील तर सगळे मिक्स करून एकच फाइल काढू नका, एक्स्पोर्टच्या विंडोत प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल काढायचा पर्याय आहे तो घ्या. वेगळ्या फाइली हातात आल्या की मग निवांत शोधाशोध करा, काम वाचलेलं आहे.

हिस्ट्रीच्या त्याच विंडोत जुने लेव्हल, म्हणजे हिस्ट्रीतल्या जुन्या ओळी, टाकून देण्याचं एक बटण आहे, त्याला आत्ता अजिबात हात लावू नका.

मग बघा, खरंच बग आहे का

अनडू करड्या रंगाचं होऊन बसलंय, दाबताच येत नाही, अशी तक्रार सगळ्यात जास्त असते आणि त्यात बहुतेक वेळा बग नसतो. प्ले किंवा रेकॉर्ड चालू असताना ऑडॅसिटी अनडू करू देत नाही, जुन्या व्हर्जनमध्ये तर पॉजवर ठेवलं असलं तरी करू देत नाही, कारण पॉज म्हणजे पूर्ण थांबलेलं नसतंय. स्टॉपचं बटण दाबा, मग बघा.

कीबोर्डवरून होत नाही पण एडिट मेन्यूतल्या अनडूवर माऊसनं क्लिक केलं की होतंय, असं असेल तर दोष शॉर्टकटचा. मराठी टायपिंग चालू राहिलंय का बघा, विंडोजमध्ये विंडोज की आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या आणि परत करून बघा. नाहीतर लक्ष दुसऱ्याच विंडोत किंवा एखाद्या लेबलच्या मजकुरात असतंय आणि कंट्रोल झेड तिथं जातंय. ट्रॅकवर एकदा क्लिक करा.

आणि झूम, स्क्रोल, निवडलेला भाग बदलणं या गोष्टी अनडूत मोजल्याच जात नाहीत. "मी सिलेक्शन बदललं ते मागं जात नाही" हा बग नव्हे, ते तसंच बनवलंय. पण एका अनडूत दोन कामं मागं गेली, किंवा भलतंच काम मागं गेलं, किंवा ट्रॅकवरचं आवाजाचं चित्र बदललं आणि आवाज तोच राहिला, किंवा अनडू दाबलं की प्रोग्राम लटकतोय, तर मात्र पुढं वाचा.

जागा बघा, हे लोक सगळ्यात उशिरा बघतात

अनडू फुकटात होत नाही. ऑडॅसिटी तुमचा आवाज साधारण १ एमबीच्या तुकड्यांत ठेवते, सेकंदाला ४४१०० नमुन्यांच्या रेटला एका तुकड्यात जेमतेम ६ सेकंद मावतात. तुम्ही खोकला कापला तर दोन-चार तुकडेच नवीन लिहावे लागतात, बाकीचे जुनेच वापरले जातात. पण पूर्ण ट्रॅकवर नॉईज रिडक्शन मारलं तर सगळेच्या सगळे तुकडे नवीन लिहिले जातात, आणि अनडू करता यावं म्हणून जुनेही ठेवावे लागतात.

आता हिशोब करा. एका तासाचं स्टीरिओ रेकॉर्डिंग ३२ बिट फ्लोटमध्ये साधारण १.२७ जीबी होतंय. त्यावर नॉईज रिडक्शन, इक्वलायझर, कॉम्प्रेसर, नॉर्मलाइज आणि अजून एकदा नॉईज रिडक्शन असे पाच इफेक्ट पूर्ण ट्रॅकवर मारले तर फाइल साडेसात जीबीच्या वर जाते. आणि प्रोजेक्ट अजून सेव्ह केलाच नसेल तर हे सगळं सी ड्राइव्हवरच्या टेम्पररी फोल्डरमध्ये जातंय, जिथं बऱ्याच घरी आधीच लाल पट्टी लागलेली असते. जागा संपली की इफेक्ट अर्धवट राहतोय किंवा एरर येते, आणि पुढं काय काय बिघडेल त्याचा भरवसा नाही. म्हणून प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ड्राइव्हची मोकळी जागा बघा, मूळ रेकॉर्डिंगच्या दहापट तरी असू द्या.

पेनड्राइव्हवरून थेट एडिट करणारे पण खूप आहेत. फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, वरच्या हिशोबात तिसऱ्या इफेक्टलाच ती मर्यादा ओलांडते. ऑडॅसिटीचे नवे व्हर्जन तर अशा ड्राइव्हवर प्रोजेक्ट सेव्हच करू देत नाहीत, पण बाकीची सगळी सॉफ्टवेअर अडवतीलच असं नाही. क्लाउडशी आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरातही चालू प्रोजेक्ट ठेवू नका, सिंकवाला प्रोग्राम आणि एडिटर एकाच वेळी एकाच फाइलला हात घालतात. कामाची फाइल कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा, काम झालं की कॉपी करून कुठं न्यायची तिथं न्या.

२०२१ साली आलेल्या ३.० व्हर्जनपासून पूर्ण प्रोजेक्ट एकाच एयूपी३ फाइलमध्ये असतोय, आणि प्रोजेक्ट उघडा असताना तिच्या शेजारी त्याच नावाची एक डब्ल्यूएएल आणि एक एसएचएम अशा फाइली दिसतात. पावसाळ्यात लाईट गेली आणि कॉम्प्युटर तसाच बंद पडला तर त्या तिथंच राहतात. कचरा म्हणून डिलीट करू नका, तुमचे शेवटचे बदल त्यात असू शकतात. तशाच राहू द्या, ऑडॅसिटी उघडा आणि ती स्वतः रिकव्हर करायचं विचारेल तेव्हा हो म्हणा.

आता बग परत घडवून बघा

खरी फाइल बाजूला. नवीन प्रोजेक्ट घ्या, जनरेट मेन्यूतून ३० सेकंदांचा टोन तयार करा, आणि ज्या क्रमानं घोळ झाला त्याच क्रमानं तीच कामं करा. झालं परत? तर एकेक काम वगळत जा. खोकला कापायची पायरी काढली तरी होतंय का, दोन ट्रॅकऐवजी एकच घेतला तरी होतंय का, सिंक लॉक (ट्रॅक एकमेकांना बांधून ठेवायची सोय) बंद केलं तर होतंय का. तीन-चार पायऱ्यांत दर वेळी हमखास घडणारा बग हातात आला की निम्मं काम झालं. हा भाग कंटाळवाणा आहे पण मला विचाराल तर खरी किंमत यालाच आहे, नुसतं "अनडू चालत नाही" म्हटल्यावर ज्याला तो दुरुस्त करायचाय त्याच्या हातात काहीच पडत नाही.

टोनवर होतच नसेल आणि फक्त खऱ्या फाइलवर होत असेल तर संशय जागेवर, फाइलच्या आकारावर किंवा बाहेरून टाकलेल्या प्लगइनवर घ्या. प्लगइन मॅनेजरमध्ये जाऊन बाहेरची व्हीएसटी प्लगइन (दुसऱ्यांनी बनवलेले जोड-इफेक्ट) बंद करा आणि परत बघा. त्यानंही नसेल तर टूल्स मेन्यूत रिसेट कॉन्फिगरेशन आहे, त्यानं सेटिंग पहिल्यासारखी होतात, तुमचे बदललेले शॉर्टकट पण जाऊ शकतात म्हणून आधी ते एक्स्पोर्ट करून ठेवा.

अनडूनंतर आवाज खरंच पहिल्यासारखा झाला का?

कानावर विसंबू नका, हलगीच्या कडकडाटात छोटा फरक कळत नाही. इफेक्ट मारायच्या आधी ट्रॅक ३२ बिट फ्लोट वेव्हमध्ये एक्स्पोर्ट करा, मग इफेक्ट मारा, अनडू करा आणि परत दुसऱ्या नावानं तसंच एक्स्पोर्ट करा. नवीन प्रोजेक्टमध्ये दोन्ही फाइली एकाखाली एक आणा, दोन्ही शून्यापासून सुरू झाल्यात ना ते बघा, एकीवर इन्व्हर्ट इफेक्ट लावा आणि दोन्ही निवडून मिक्स अँड रेंडर करा. अनडू बरोबर झालं असेल तर दोन्ही आवाज एकमेकांना पूर्ण खाऊन टाकतात आणि सरळ रेघ उरते. कुठं उंचवटा दिसला तर तिथं अनडू अपुरं राहिलंय, आणि नेमकं कितव्या सेकंदाला ते पण कळतंय. १६ बिटमध्ये एक्स्पोर्ट केलं तर डिदरचा, म्हणजे प्रोग्राम मुद्दाम घालतो तो, बारीक आवाज मिसळतोय आणि अनडू बरोबर असूनही रेघ पूर्ण सपाट येत नाही, म्हणून ३२ बिट फ्लोटच घ्या.

कळवायचं कसं

आधी नवीन व्हर्जन टाकून बघा, कदाचित दुरुस्त झाला असेल. नसेल तर ऑडॅसिटीच्या गिटहबवर (बग कळवायच्या वेबसाइटवर) आधी कुणी कळवलंय का शोधा, कळवलं असेल तर नवीन न काढता तिथंच तुमची माहिती जोडा. लिहिताना हेल्प मेन्यूतल्या अबाऊटमधला व्हर्जन नंबर, विंडोज, मॅक की लिनक्स आणि त्याचं व्हर्जन, टोनवर केलेल्या पायऱ्या क्रमानं, काय व्हायला पाहिजे होतं आणि काय झालं, एवढं द्या. इंग्रजी साधं, तुटक असलं तरी चालतंय, पायऱ्या बरोबर पाहिजेत. प्रोजेक्ट फाइल जोडायची तर टोनवालीच जोडा, बुवांचं कीर्तन किंवा गिऱ्हाईकाचं रेकॉर्डिंग त्यांना न विचारता जगापुढं टाकू नका.

दुरुस्ती येईपर्यंत ज्या इफेक्टला बग आहे तो मारायच्या आधी ट्रॅक डुप्लिकेट करून जुना म्यूट करून ठेवा, किंवा बॅकअप प्रोजेक्ट काढा. ३.२ आणि त्यापुढचं व्हर्जन असेल आणि तो इफेक्ट रिअलटाइममध्ये चालत असेल तर तसाच वापरा, मूळ आवाज तसाच राहतोय आणि नको झालं की पॉवरच्या बटणानं बंद करता येतोय, अनडूची गरजच पडत नाही. आणि नवीन व्हर्जन आलं की गणपतीच्या गडबडीतलं काम त्यात घ्यायच्या आधी त्याच टोनवर त्याच तीन-चार पायऱ्या एकदा करून बघा.