जीपी सर्जरी आणि कंपनीचा विमा : इंग्लंडमध्ये कुठलं काम कुठे करायचं

"कंपनीने खासगी विमा दिलाय, मग जीपीकडे नाव कशाला घालायचं?" रेडिंगमधल्या ज्या सर्जरीत (म्हणजे जीपीच्या, आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यात) मी रिसेप्शनवर बसते, तिथे नव्याने आलेली आपली मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. पुण्यात गुडघा दुखला की थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जायची सवय असते, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण इथला खासगी विमा ठरावीक कामापुरता असतो. हर्निया, पित्ताशयातले खडे, खेळताना दुखावलेला गुडघा अशा एकदा उपचार करून मिटणाऱ्या गोष्टींना तो उपयोगी. बीपी, साखर, थायरॉइड, दमा यांची कायमची देखभाल त्यात साधारणपणे नसते. नेहमीचं बाळंतपण आणि रात्री अचानक छातीत दुखणं यांचंही तेच. ही सगळी कामं एनएचएसकडे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडे. एरवी सुरुवात जीपीकडे, छातीत दुखलं तर मात्र थेट ९९९.

म्हणून घर मिळालं की वाय-फायच्या आधी जीपीकडे नाव घाला. सर्जरीच्या वेबसाइटवर फॉर्म असतो, नाहीतर काउंटरवर जीएमएस १ नावाचा कागदी फॉर्म मागा. पासपोर्ट, व्हिसा किंवा वीजबिल दाखवण्याची नियमाने सक्ती नाही. एखाद्या सर्जरीने कागद मागितले आणि तुमच्याकडे नसले, तरी तेवढ्या कारणावरून नाव नाकारता येत नाही. व्हिसाच्या वेळी माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरलेला असतो (विद्यार्थी आणि मुलांना ७७६). पैसे आधीच गेलेत, तेव्हा संकोच नको. आजारी पडल्यावर नाव घालायला येणाऱ्यांची फार धावपळ होते.

अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठला फोन लावून रांगेत बसण्यापेक्षा ऑनलाइन फॉर्म भरा. १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सर्जऱ्यांना तो सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६:३० चालू ठेवावा लागतो. आणि फोनवर आम्ही "काय होतंय?" विचारलं की रागावू नका. पाठीचं दुखणं असेल तर सर्जरीचा फिजिओ आधी बघू शकतो, गोळ्यांचा प्रश्न असेल तर क्लिनिकल फार्मासिस्ट. "पर्सनल आहे" एवढंच म्हणालात तरी चालतं, पण मग योग्य माणसाकडे पाठवणं आमच्या हातात राहत नाही. घसादुखी, सायनस, लहान मुलांचा कान, बायकांना लघवीची जळजळ, किडा चावून चिघळलेलं, नागीण, इम्पेटिगो (त्वचेचा संसर्ग) ही सात दुखणी ३१ जानेवारी २०२४ पासून कोपऱ्यावरचा केमिस्टच बघतो. वयाच्या अटींत बसत असाल आणि गरज असेल तर अँटिबायोटिकही तोच देतो.

रेफरलचं पत्र

विमा वापरायचा असेल तर बहुतेक कंपन्यांना जीपीचं पत्र लागतं. क्रम असा ठेवा. आधी विमा कंपनीला फोन करून विचारा की पत्र कसं हवं. पुष्कळदा त्यांना "ओपन रेफरल" लागतं, म्हणजे पत्रात डॉक्टरांचं नाव नाही, फक्त विभाग : ऑर्थोपेडिक्स, ईएनटी वगैरे. मग जीपीला भेटा, तपासणी होऊ द्या आणि खासगी विमा आहे हे तिथेच सांगा. पत्र हातात आलं की कंपनीकडून मंजुरीचा नंबर घ्या आणि मगच कन्सल्टंटची, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांची, वेळ. नंबर नसताना गेलात तर बिल तुमच्या नावाने येऊ शकतं. एक्सेस किती, म्हणजे आपल्या खिशातून किती जाणार, तेही त्याच फोनवर विचारून टाका. या पत्रासाठी सर्जरी आपल्या पेशंटकडून पैसे घेत नाही. विमा कंपनीचा लांबलचक फॉर्म भरून हवा असेल तर मात्र घेते.

काउंटरवर कधीकधी हळू आवाजात विचारणा होते, "पैसे देतो, आजच डॉक्टरांना भेटवा ना." ते जमणारं नाही. जिथे तुमचं नाव आहे, त्या सर्जरीला एनएचएसमध्ये मिळणाऱ्या तपासणीसाठी तुमच्याकडून पैसे घेऊन खासगीत बघण्याची परवानगीच नाही. आजच पैसे देऊन दाखवायचं असेल तर वेगळा खासगी जीपी शोधावा लागतो. सर्जरी पैसे घेते ते कागदांचे : टॅक्सी परवान्याची मेडिकल, रद्द झालेल्या प्रवासाच्या विम्याचा फॉर्म, शाळेसाठी किंवा जिमसाठी पत्र. दरपत्रक भिंतीवर किंवा वेबसाइटवर असतं. नोकरीत पहिल्या सात दिवसांच्या आजारपणासाठी डॉक्टरांचं पत्र लागतच नाही, आपणच लिहून द्यायचं. त्यापुढची फिट नोट, म्हणजे डॉक्टरांचं आजारपणाचं पत्र, फुकट असते.

खासगी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन परत आल्यावर

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माणूस कन्सल्टंटकडून येतो, मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवतो. "ताई, एवढं तुमच्या सिस्टीममध्ये घाला ना, बाहेर फार महाग सांगतायत." त्याचं म्हणणं खोटं नसतं. एनएचएसच्या चिठ्ठीवर इंग्लंडमध्ये एका औषधाला ९.९० पौंड, मग मूळ किंमत कितीही असो. खासगी चिठ्ठीवर औषधाची पूर्ण किंमत आणि वर केमिस्टचं शुल्क. पण जीपीने ती चिठ्ठी बदलून द्यावी अशी सक्ती नाही. जो डॉक्टर सही करतो, त्या औषधाची जबाबदारी त्याची. शिवाय स्थानिक एनएचएसच्या औषधांच्या यादीत ते बसायला हवं. साधी अ‍ॅसिडिटीची किंवा बीपीची गोळी असेल आणि कन्सल्टंटचं पत्र आलेलं असेल, तर बहुधा काम होतं. एडीएचडीचं (लक्ष न टिकण्याच्या त्रासाचं) किंवा रोगप्रतिकारशक्तीवर काम करणारं औषध असेल, तर आधी दोन्ही डॉक्टरांमध्ये "शेअर्ड केअर", म्हणजे औषधाची देखरेख दोघांनी वाटून घेणं, ठरावं लागतं, आणि त्याला जीपी नाही म्हणू शकतो. तसं झालं तर महिनोन्‌महिने खासगी चिठ्ठीचा खर्च अंगावर येतो. एडीएचडीची तपासणी करायची असेल तर खासगीत पैसे भरण्याआधी जीपीकडे "राइट टु चूज"ची चौकशी करा. त्यात एनएचएसच्याच खर्चाने संस्था निवडता येते.

कन्सल्टंटने लिहिलेल्या रक्ततपासण्यांचं असंच. "तुमच्या जीपीकडे करून घ्या" हे त्यांना सांगायला सोपं. कन्सल्टंटला जी माहिती हवी, ती तपासणी खासगी उपचाराचाच भाग, आणि तिचा निकाल वाचणं त्यांचं काम. ऑपरेशननंतरची फिट नोटही ऑपरेशन करणाऱ्यांनीच द्यायला हवी. म्हणून खासगी दवाखान्यातून निघण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या : औषध किती दिवसांचं देताय, पुढची चिठ्ठी कोण देणार, तपासण्या विम्यात बसतात का, आणि जीपीला पत्र कधी जाणार. पत्र पोचल्याशिवाय आमच्या डॉक्टरांना काहीच माहीत नसतं. खासगीतला एमआरआय आपोआप एनएचएसच्या फाइलमध्ये येईल हे गृहीत धरू नका, अहवालाची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

खासगीत एकदा दाखवून ऑपरेशन एनएचएसकडून करून घेता येतं. त्यात काही गैर नाही. मात्र पहिली भेट एनएचएसमध्येच झाली असती तर रांगेत जिथे असता, तिथेच उभं राहायचं. पुढे घुसायला मिळत नाही.

औषधांचं बोलतेच आहे तर एक गोष्ट आपल्या लोकांना सांगून सांगून मी थकले आहे. थायरॉइड कमी आहे म्हणून गोळी किंवा मधुमेहाचं औषध चालू असेल तर एफपी९२ए फॉर्म मागा. प्रमाणपत्र मिळालं की एनएचएसच्या चिठ्ठीवरची सगळीच औषधं फुकट, नुसती त्या आजाराची नव्हे. ते ५ वर्षं चालतं. फक्त बीपी असेल तर ही सवलत नाही. अशांनी वर्षाचा ११४.५० पौंडांचा प्रीपेमेंट पास घ्यावा. महिन्याला एकच गोळी असली तरी चार पौंड वाचतात, दोन असतील तर निम्म्याहून जास्त.

सुट्टीत मुलांना घेऊन भारतात जाणार असाल तर सहा ते आठ आठवडे आधी नर्सशी बोला. टायफॉइड आणि हेपटायटिस ए या लसी एनएचएसमध्ये फुकट आहेत, रेबीज आणि जपानी एन्सेफलायटिसच्या विकत. मलेरियाच्या गोळ्याही विकतच.

आई-बाबा आले की

व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनाही जीपीला दाखवायला पैसे पडत नाहीत. चोवीस तासांपेक्षा जास्त आणि तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असतील तर तात्पुरती नोंदणी मागा. पण हॉस्पिटलचं प्रकरण वेगळं. ए अँड ई, म्हणजे इमर्जन्सी विभागातली तपासणी फुकट, दाखल करून घेतलं की बिल सुरू, आणि तेही एनएचएसच्या दराच्या १५० टक्के. तुमच्या कंपनीच्या विम्यात ते बसणार नाहीत. निघण्याआधी प्रवासाचा विमा घ्या, आणि फॉर्ममध्ये बाबांचा जुना हार्ट अटॅक लपवू नका.

बाबांना इंग्रजीत नीट सांगता येत नसेल तर अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागा, फुकट मिळतो. सुनेसमोर लघवीच्या तक्रारी सांगायला सासरे लाजतात, हे मी काउंटरवरून रोज बघते.

गोळ्या पुरेशा आणायला सांगा आणि त्यांची मूळ नावं लिहून घ्या. "ग्लायकोमेट" म्हटलं तर इथल्या डॉक्टरांना बोध होईलच असं नाही, "मेटफॉर्मिन" म्हटलं की लगेच कळतं. एका गोळीत दोन औषधं असतील तर दोन्ही लिहा, मिलिग्रॅमसकट. आणि साखरेचे आकडे : आपल्याकडच्या रिपोर्टमधल्या आकड्याला १८ ने भागलं की इथला आकडा येतो, म्हणजे १२६ चे ७. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी आपल्याकडे टक्क्यांत असते, इथे ६.५ टक्क्यांना ४८ म्हणतात. बाबांची साखर "एकशे ऐंशी" आहे असं नर्सला सांगितलंत तर सोबत "म्हणजे दहा" हेही सांगा.