अ‍ॅक्च्युएशन बदलता येणारा गेमिंग कीबोर्ड घेताय? मग आधी हे बघा

आपल्या इंदूरच्या मराठी पोरांमध्ये, म्हणजे रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर सगळीकडेच, सध्या एक प्रश्न सारखा येतोय की दादा, वीस हजार जमवलेत, तो मॅग्नेटिकवाला कीबोर्ड घेऊ का आणि घेतला तर कुठला. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहितो. सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडवर विचारायला गेलात की काउंटरवरचा माणूस पहिल्यांदा "भिया, पॉइंट वन एमएम है" एवढंच सांगणार, म्हणजे बटण ०.१ मिमी खाली गेलं की लगेच दाबलं धरतात, आणि माझं म्हणणं असं की नेमका तोच आकडा सगळ्यात शेवटी बघायचा.

आधी हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात. साधा मेकॅनिकल स्विच, म्हणजे प्रत्येक बटणाखालचा दाबला जाणारा भाग, समजा चेरी कंपनीचा रेड, एकूण ४ मिमी खाली जातो आणि २ मिमीवर बटण दाबलं गेलं असं कॉम्प्युटरला कळतं, हा २ चा आकडा कारखान्यातच ठरलेला असतो, आपण काही करू शकत नाही. मॅग्नेटिक स्विचमध्ये दांडीत छोटं चुंबक असतं आणि खाली बोर्डावर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर, बटण जसं खाली जाईल तसं चुंबक जवळ येतं आणि बटण आत्ता नक्की किती खाली आहे ते कीबोर्डला सतत समजत राहतं. म्हणून किती मिमीवर 'दाबलं' धरायचं, ह्यालाच अ‍ॅक्च्युएशन म्हणतात, ते तुम्ही सेटिंगमध्ये ठरवू शकता. तत्त्व खूप जुनं आहे, एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेलं, आणि १९६० च्या दशकात हनीवेलने त्यावर कीबोर्डसुद्धा काढले होते. गेमिंगमध्ये स्टीलसिरीजचा एपेक्स प्रो २०१९ ला आला आणि मग वूटिंग ह्या डच कंपनीच्या ६०एचईने हवा केली. रेझरच्या हंट्समन व्ही३ प्रोमध्ये मात्र चुंबक नाही, तो प्रकाशाने मोजतो, पण वापरणाऱ्याला काम जवळपास तेच मिळतं.

आता खरी गोष्ट, रॅपिड ट्रिगर. पैसे द्यायचे ते ह्याच्यासाठी. साध्या स्विचमध्ये बटण सोडलं असं कळायला ते एका ठराविक उंचीच्या वर परत यावं लागतं, म्हणजे तुम्ही उजवीकडे चालायचं डी बटण पूर्ण तळापर्यंत दाबलंय आणि बोट उचलायला सुरुवात केली तरी अर्धा प्रवास होईपर्यंत गेममधला माणूस चालतच राहतो. रॅपिड ट्रिगरमध्ये बटण कुठेही असो, तुम्ही ठरवलेलं अंतर, समजा ०.२ मिमी, वर आलं की 'सोडलं' आणि परत तेवढंच खाली गेलं की 'दाबलं'. सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) आणि व्हॅलोरंट ह्या गोळीबाराच्या गेममध्ये चालता चालता गोळी मारली तर ती भलतीकडे जाते, थांबून मारावी लागते, त्यामुळे थांबणं जितकं लवकर नोंदलं जाईल तितकी पहिली गोळी सरळ जाते. हा फरक पहिल्याच दिवशी हाताला कळतो. अ‍ॅक्च्युएशन २ वरून ०.१ वर आणल्याचा फरक त्यामानाने बारीक आहे आणि त्याचा त्रासही होतो, कारण बोट नुसतं टेकवलं तरी बटण दाबलं जातं, गपचूप कोपऱ्यात बसायचं ठरवलेलं असताना चुकून स्मोक म्हणजे धुराचा बॉम्ब फेकला जातो आणि पूर्ण टीम ओरडते. म्हणून डब्यावर ०.१ लिहिलंय का ०.४ ह्यावर निर्णय घेऊ नका, रॅपिड ट्रिगर आहे का, किती बारीक सेट होतो आणि कुठल्या बटणांवर चालतो हे विचारा. हे कुठल्या बटणांवर फार महत्त्वाचं आहे बरं का, २०१९ च्या एपेक्स प्रोमध्ये अ‍ॅक्च्युएशन बदलणारे स्विच फक्त अक्षरांच्या मुख्य भागात होते, वरची एफ रांग आणि बाणांची बटणं साधी मेकॅनिकलच. सेकंडहँड घेणारे इथेच फसतात.

तुम्ही काय खेळता ते आधी प्रामाणिकपणे बघा. सीएस२, व्हॅलोरंट खेळत असाल तर उपयोग भरपूर. ओसू ह्या तालावर खेळायच्या गेमवाल्यांना तर सगळ्यात जास्त, तिथे दोन बटणं भराभर हाणायची असतात. गाड्यांचे गेम खेळत असाल तर अ‍ॅनालॉग इनपुट आहे का बघा, म्हणजे बटण अर्धं दाबलं तर गाडी अर्धीच वळते, जॉयस्टिकसारखं, हे वूटिंगमध्ये आहे आणि रेझरच्या ह्या हंट्समनमध्येही आहे. पण नुसते स्टोरीवाले गेम किंवा स्ट्रॅटेजी खेळत असाल तर कृपा करून एवढे पैसे घालू नका, चांगला मेकॅनिकल घ्या आणि उरलेल्या पैशात दुसरं काही करा. आणि अजून एक, मॉनिटर जर ६० हर्ट्झचा असेल तर आधी १४४ चा मॉनिटर घ्या. सीएस२ आणि व्हॅलोरंट दोन्हीचे सर्व्हर मुंबईत आहेत, इंदूरहून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) बरा मिळतो, पण घरचं वायफाय दोन भिंतींपलीकडे धापा टाकत असेल तर आधी लॅनची वायर ओढा, तिचा फायदा कुठल्याही कीबोर्डपेक्षा जास्त होईल.

पोलिंग रेटचं पण तसंच. १००० हर्ट्झ म्हणजे दर १ मिलिसेकंदाला एकदा कीबोर्ड खबर देतो, ८००० म्हणजे ०.१२५ मिलिसेकंदाला. ऐकायला जबरदस्त वाटतं पण १ मिलिसेकंदातला तो तुकडा तुम्हाला जाणवणार नाही आणि जुना प्रोसेसर असेल तर ८००० वर उलट त्याच्यावर लोड येतो. असेल तर असू दे, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

स्नॅप टॅप नावाचा एक प्रकार पण दुकानात ऐकायला मिळेल. रेझरने २०२४ मध्ये आणला आणि मग बाकीच्यांनीही वेगवेगळ्या नावांनी दिला. ए धरून ठेवलाय आणि डी दाबला तर शेवटचं दाबलेलं चालतं, ए न सोडताच. सोपं होतं खूप, पण ऑगस्ट २०२४ मध्ये सीएस२ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने त्याच्या अधिकृत सर्व्हरवर हे बंद केलं, वापरलंत तर चालू मॅचमधून बाहेर काढतात. रॅपिड ट्रिगरला मात्र तशी बंदी नाही. त्यामुळे ज्या कीबोर्डची सगळी जाहिरात स्नॅप टॅपवरच आहे त्यावर भुलू नका, आणि घेतलाच तर सीएससाठी वेगळं प्रोफाइल करून त्यात ते बंद करून ठेवा. कॉलेजच्या टूर्नामेंटला जाणार असाल तर नियम आधी वाचा.

सॉफ्टवेअर हा असा भाग आहे जो कोणी बघतच नाही आणि नंतर सगळे रडतात. ह्या कीबोर्डचं सगळं मोल सेटिंगमध्येच आहे, सॉफ्टवेअर जड, अडकणारं, दर वेळी लॉगिन मागणारं असेल तर वैताग येतो. वूटिंगचं वूटिलिटी आणि कीक्रोनचं लाँचर ब्राउझरमध्ये उघडतं, काही इन्स्टॉल करायला लागत नाही. रेझरला सिनॅप्स, लॉजिटेकला जी हब, स्टीलसिरीजला जीजी लागतं, पण हंट्समन व्ही३ प्रोमध्ये कीबोर्डवरूनच अ‍ॅक्च्युएशन बदलता येतं आणि एपेक्स प्रोवर छोटी स्क्रीन आहे तिथून. आपला कीबोर्ड बॅगेत टाकून कॅफेत खेळायला जाणाऱ्यांनी हे नक्की बघा, कारण कॅफेच्या पीसीवर ते काही इन्स्टॉल करू देत नाहीत, सेटिंग कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत राहायला हवं.

साइज. ६०एचई किंवा कुठलाही मिनी घेतला की एफ रांग नाही, बाणांची बटणं नाहीत, सगळं एफएन धरून करायचं. गेमसाठी मस्त, माऊसला जागा भरपूर मिळते. पण त्याच पीसीवर बाबा एक्सेलमध्ये सोसायटीचा हिशोब ठेवत असतील किंवा ताई अकाउंट्सचं काम करत असेल तर दुसऱ्या दिवशीच घरात भांडण. अशा घरात टीकेएल (फक्त नंबर पॅड नसलेला) किंवा त्याहून थोडा आटोपशीर ७५ टक्केवाला घ्या, नंबर पॅड सतत लागत असेल तर तो वेगळा घेऊन ठेवा. ह्या स्विचेसचा आवाज आणि फील पण समजून घ्या, मॅग्नेटिक स्विच जवळपास सगळे लिनियर म्हणजे सरळ गुळगुळीत जाणारे असतात, ज्यांना ब्लू स्विचचा कटकट आवाज आवडतो त्यांना हे बेचव वाटेल.

आता कुठला घ्यायचा. फक्त एफपीएस म्हणजे सीएस२सारखे गोळीबाराचे गेम आणि तेही सिरियसली, तर माझ्या मते वूटिंग अजूनही पहिला, ६०एचईची मूळ किंमत १७५ डॉलर होती, पण थेट कंपनीकडून मागवला तर शिपिंग, कस्टम ड्युटी आणि टॅक्स धरून हिशोब करा आणि बिघडला तर परत पाठवायचा खर्च कोण देणार हे ऑर्डर करायच्या आधी मेल करून विचारा. भारतातली वॉरंटी आणि लगेच हातात पाहिजे असेल तर हंट्समन व्ही३ प्रो टीकेएल, एपेक्स प्रोचं नवीन मॉडेल किंवा लॉजिटेकचा जी प्रो एक्स टीकेएल रॅपिड, तिघांत मी तरी सॉफ्टवेअर आणि हाताला काय बरं वाटतं ह्यावरच ठरवेन, कारण ०.१ ते ४ मिमी हा आवाका तिन्हीकडे आहे. ऑफिस आणि गेम दोन्ही एकाच कीबोर्डवर, वायर नको, तर कीक्रोनचा क्यू१ एचई किंवा के२ एचई, ०.२ ते ३.८ मिमी, टाइप करायला ह्या सगळ्यांत छान, फक्त क्यू१ अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि भलता जड आहे, तो रोज बॅगेत घालायचा नाही. बजेट कमी असेल तर चिनी कंपन्यांचे स्वस्त मॅग्नेटिकही रॅपिड ट्रिगर देतात आणि शिकायला वाईट नाहीत, तिथे पारखून घ्यायला मात्र लागतं.

पारखायचं कसं ते सांगतो, दुकानात लावून दाखवायला सांगा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. रॅपिड ट्रिगर ०.२ वर ठेवा, नोटपॅड उघडा, एक बटण तळापर्यंत दाबा आणि पूर्ण न सोडता बोट थोडंसंच वर-खाली करा, दर वेळी अक्षर उमटलं पाहिजे. मग ते बटण तळापासून अर्ध्यापर्यंत वर आणून तिथे स्थिर धरा (दाबून धरलं तर विंडोज स्वतःच अक्षरं टाकत राहतं, म्हणून वर आणूनच बघा), अक्षरं आपोआप पडायला लागली तर सेन्सर डळमळतोय, तो पीस नको. सॉफ्टवेअरमध्ये बटणाची खोली दाखवणारी पट्टी असते, हळूहळू दाबताना ती झटके न देता सरकायला हवी. स्पेसबार दोन्ही टोकांना दाबून बघा, खडखड करतो का. हॉट-स्वॅप आहे, म्हणजे स्विच उपटून दुसरे बसवता येतात, म्हणाले तर कुठले स्विच चालतात ते विचारा, साधे मेकॅनिकल स्विच बहुतेक मॅग्नेटिक बोर्डात चालत नाहीत आणि मॅग्नेटिकमध्येसुद्धा चुंबक वेगवेगळे असतात, त्यामुळे कंपनीच्या यादीतलेच घ्यायचे.

घरी आणल्यावर पहिलं काम कॅलिब्रेशन. प्रत्येक बटण एकदा पूर्ण खाली, पूर्ण वर. तापमान बदललं की सेन्सरचं वाचन थोडं सरकतं, काही कीबोर्ड आपोआप सांभाळून घेतात, नसेल घेत तर आपल्याकडच्या मे महिन्यात एकदा आणि थंडीत एकदा परत करा. चुंबकवालं मोबाईल कव्हर किंवा स्पीकर अगदी चिकटून ठेवू नका. सेटिंगची सुरुवात मी अशी सांगेन की डब्ल्यू-ए-एस-डी ह्या चालायच्या बटणांवर १ मिमी आणि रॅपिड ट्रिगर ०.३, हाताला सवय झाली की हळूहळू खाली या, स्मोक, बॉम्ब, अल्टी (कॅरेक्टरची खास ताकद) वगैरेची बटणं २ मिमीच्या खाली आणूच नका, स्पेस दीडच्या आसपास. टाइपिंगसाठी सगळं २ वर असलेलं वेगळं प्रोफाइल ठेवा, नाहीतर मेल लिहिताना प्रत्येक शब्दात जास्तीची अक्षरं येतील. सेटिंग रोज बदलू नका, निदान आठवडाभर एकावर राहा, नाहीतर चूक कीबोर्डची का हाताची ते समजणारच नाही.

ऑनलाइन मागवलात तर डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा, जीएसटीचं बिल स्वतःच्या नावावर घ्या, आणि रिटर्नची मुदत संपायच्या आत वरच्या सगळ्या टेस्ट प्रत्येक बटणावर करून टाका, एफ रांगेसकट.